स्वबळ आणि भरवसा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक धागा

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संस्कारित मजकूर)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यकारी मंडळाने मला दिले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. संतवाङ्मय, नाटक, कादंबरी, सीमाभागातील मराठीचा प्रश्न या विषयांवर अशा व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. मराठी वाङ्मयाचे एक दालन मात्र क्वचितच उघडले जाते. ते दालन म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मय. मराठीतील आरंभीच्या सामाजिक कादंबरीचा मान ज्या ‘यमुनापर्यटना’ला दिला जातो, त्याचे कर्ते बाबा पदमनजी याच बेळगावात १८३१ साली जन्मले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. परंतु त्यांचे आत्मचरित्र किती जणांनी चाळले आहे, असा प्रश्न केला तर हात थोडेच वर होतील. ही तक्रार नव्हे. त्या दालनातला एकच धागा आज आपल्यासमोर ठेवावा, एवढाच माझा हेतू आहे.

तो धागा असा : माणसाने स्वतःच्या बळावर विसंबावे की देवावर? ख्रिस्ती धर्मजीवनात या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान आहे आणि त्याचे उत्तर ‘देवावर’ असे निःसंदिग्ध दिले गेले आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. धर्मोपदेश करण्याचा माझा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. मराठीचा अध्यापक या नात्याने मला कुतूहल आहे ते वेगळेच. हे उत्तर ज्यांनी मराठीतून दिले, त्यांच्या प्रत्यक्ष जगण्यात त्याचा अर्थ काय झाला? त्यांचा भरवसा त्यांना कोठे घेऊन गेला, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

आपल्या लोकभाषेने या भरवशाकडे नेहमीच थोड्या संशयाने पाहिले आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण भाविकाची नव्हे, भाविकाची थट्टा करणाऱ्याची आहे. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ हीदेखील त्याच जातीची. देवावर हवाला ठेवणारा माणूस आळशी असतो, निदान बेजबाबदार असतो, अशी शंका आपल्या मनात दडलेली असते. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. आजच्या विवेचनात ती सतत आपल्या सोबत राहू द्यावी, अशी माझी विनंती आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तेथेच वारला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी पुराणकाव्याच्या घाटात उतरलेला आहे. श्रद्धेसाठी त्या परंपरेत रुळलेला शब्द आहे ‘भावार्थ’, आणि श्रद्धावंतासाठी ‘भावार्थी’. गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत आजही श्रद्धेला भावार्थच म्हणतात. पुढे एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मराठीत ‘विश्वास’ हा शब्द स्थिरावला. भावार्थात अंतःकरणाचा ओलावा आहे. विश्वासात व्यवहाराचा धागा आहे, कारण विश्वास आपण शेजाऱ्यावरही ठेवतो, सावकारावरही ठेवतो आणि तो मोडतोही. या शब्दांच्या मुळाशी गेलो तर आणखी एक छटा सापडते. प्रार्थनेच्या शेवटी म्हटला जाणारा ‘आमेन’ हा शब्द ज्या हिब्रू धातूपासून आला, त्याचा अर्थ स्थिर असणे, पक्के असणे असा आहे. म्हणजे मूळ कल्पना मनाच्या भावनेची नाही, पायाखालच्या जमिनीची आहे. प्रश्न एवढाच उरतो की उभे राहायचे ते कोणत्या जमिनीवर?

या प्रश्नाचा ख्रिस्ती परंपरेतील मूळ पाठ पौलाच्या पत्रांत आहे. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच तो सांगतो की आसिया प्रांतात आपल्यावर असे संकट कोसळले की जगण्याचीही आशा उरली नव्हती. पुढे तो म्हणतो की हे अशासाठी झाले, की आपण स्वतःवर भिस्त न ठेवता मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर ठेवावी. विधान टोकाचे आहे. बळ कमी पडले तर देव भर घालील, असे तो म्हणत नाही. भिस्तीची जागाच बदलायची, असे म्हणतो.

पण याच पत्राचे आठवे आणि नववे प्रकरण वाचणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट येते. यरुशलेमच्या गरजूंसाठी पौल वर्गणी गोळा करीत आहे. ती रक्कम नेण्यासाठी तो एकटा निघत नाही. मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे सोबत घेतो, आणि त्याचे कारणही सांगतो : एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्यावर बोट ठेवू नये. देवापुढे चोख असणे त्याला पुरेसे वाटत नाही. माणसांपुढेही चोख असावे, असा त्याचा आग्रह आहे. हाच पौल करिंथमध्ये तंबू बनवून पोट भरीत होता, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. स्वतःवर भिस्त ठेवू नका म्हणणारा माणूस हाताने काम करतो आणि हिशोब चोख ठेवतो, हे ध्यानात घेतले म्हणजे खाटल्यावरच्या हरीची शंका निम्मी तरी निवते.

शुभवर्तमानांतही हीच मर्यादा आखलेली आहे. आकाशातील पाखरांकडे पाहा, असे येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. परंतु मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान सुचवतो तेव्हा तो ते नाकारतो. देवाची परीक्षा पाहणे म्हणजे देवावर भरवसा ठेवणे नव्हे. उडी टाकणाऱ्याची भिस्त वस्तुतः स्वतःच्या धाडसावर असते. देवाला त्याने केवळ साक्षीला धरलेले असते.

आपल्या परंपरेला हा वाद अपरिचित नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेंकलै असे दोन पंथ आहेत. त्यांच्यातील मतभेद एका सुंदर दृष्टांताने सांगतात. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आई त्याला मानेला धरून उचलते. पहिल्यात जिवाच्या प्रयत्नाला जागा आहे, दुसऱ्यात सर्व काही कृपेचे आहे. ख्रिस्ती जगात पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियस आणि ऑगस्टीन यांच्यात झालेला वाद याच गाठीभोवती फिरत होता. चर्चने कौल दिला तो कृपेच्या बाजूने. मात्र सिद्धान्ताचा कौल आणि जगण्याचा कौल या दोन गोष्टी आहेत. दुसऱ्या कौलासाठी आपल्याला चरित्रांकडे वळले पाहिजे.

बाबा पदमनजींचा उल्लेख आरंभी केला. कासार कुटुंबातील या तरुणाचे शिक्षण मिशनच्या शाळांत झाले. १८५४ साली त्यांनी येथेच बेळगावात बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्रात सर्वांत वाचनीय भाग आहे तो बाप्तिस्म्याच्या आधीच्या घालमेलीचा. बुद्धीला पटले होते, पण पाऊल पडत नव्हते. आईवडील, जात, घर या सर्वांचा आधार सुटणार होता. पटणे आणि विसंबणे यांतील हे अंतर पदमनजींनी फार प्रामाणिकपणे टिपले आहे. ज्ञान माणसाला काठापर्यंत आणते. पाण्यात पाऊल टाकताना जे लागते, ते निराळे असते.

हे अंतर ज्यांच्या आयुष्यात अधिक खोल आणि अधिक नाट्यमय दिसते, त्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले, हे धाडसाचे काम होते. कुटुंब तीर्थयात्रा करीत पुराणे सांगत हिंडे. जे मिळे ते दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनात जाई. मग १८७०च्या दशकातील दुष्काळ आला. रमाबाईंनी पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या दिवसांचे वर्णन आहे. जवळचे सर्व संपले, व्रतेवैकल्ये चालूच होती, आणि अंगमेहनत करणे कुलाच्या प्रतिष्ठेला शोभत नव्हते. अखेरीस भावाने मोलमजुरीची तयारी दाखवली, पण तोवर वेळ निघून गेली होती. १८७४ साली आईवडील दोघेही गेले.

या हकिगतीचा अर्थ रमाबाईंनी कसा लावला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वरवर पाहता आईवडिलांनी देवावरच हवाला ठेवला होता. पण रमाबाईंच्या पुढील विचारसरणीतून पाहिले तर ते देवावर विसंबणे नव्हतेच. ते आपण साठवलेल्या पुण्यावर विसंबणे होते. पुण्याची पुंजी हीदेखील एक प्रकारची स्वकष्टार्जित मिळकतच, आणि तिच्या आधाराने देवाकडे मागणी करणे हे स्वावलंबनाचेच एक रूप. उलट भाऊ प्रतिष्ठा टाकून मजुरीला तयार झाला तो क्षण खऱ्या भरवशाच्या अधिक जवळचा होता, असे मला वाटते. रमाबाईंच्या निदानाशी आपण सहमत व्हावेच असे नाही. परंतु भिस्त कशावर आहे हे बाह्य कर्मावरून ओळखता येत नाही, हा त्यातील मुद्दा कोणत्याही धर्माच्या माणसाला विचारात पाडणारा आहे.

पुढचा इतिहास परिचित आहे. १८७८ साली कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, तान्ह्या मनोरमेला घेऊन इंग्लंडचा प्रवास, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा. रमाबाई स्वतः सांगतात की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे आठ वर्षांनी सापडला. मधल्या काळात त्यांनी जे केले ते एका असामान्य स्वावलंबी स्त्रीचे कर्तृत्व होते. अमेरिकेत व्याख्याने दिली, पुस्तक लिहून प्रसिद्ध केले, बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाकडून दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळवली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले.

१८९३ साली वादळ उठले. सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत आहेत, या आक्षेपावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. या प्रकरणी रमाबाईंच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि ज्या पालकांनी सदन धर्मनिरपेक्ष आहे या समजुतीने मुली पाठवल्या, त्यांचाही एक विश्वास होता आणि त्याला तडा गेला, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. देवावरचा भरवसा माणसांच्या विश्वासाशी कसा वागतो, ही कसोटी येथे प्रथम दिसते.

अमेरिकेची हमी दहा वर्षांची होती. ती संपल्यावर काय, याचा विचार करून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, अशी ही योजना होती. कोणत्याही शहाण्या व्यवस्थापकाने वाखाणावी अशी. आणि नेमक्या त्याच वेळी, १८९६-९७ साली, मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

रमाबाईंच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग तो हाच, असे मी मानतो. सदनाचे अंदाजपत्रक मोजक्या मुलींचे होते. बाग अजून फळाला आलेली नव्हती. हमीची मुदत सरत आली होती. स्वतःच्या साधनांचा हिशोब मांडला असता तर त्यांनी पुण्यातच राहणे योग्य होते. पण दुष्काळात माणूस कसा मरतो हे त्यांनी सोळाव्या वर्षी पाहिले होते. त्या गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या मोकळ्या जमिनीवर आसरा उभा राहिला. स्वावलंबनासाठी घेतलेली जमीन अशा रीतीने निराधारांच्या वस्तीची जमीन झाली. गुजरातेतील १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ पोचली. त्या वसाहतीचे नाव ‘मुक्ति’.

या काळात ब्रिस्टॉलचे अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर यांच्यासारख्यांची चरित्रे रमाबाई वाचीत होत्या. वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर संस्था चालवणाऱ्या माणसांच्या त्या कथा. परंतु केडगावला प्रार्थनेबरोबर शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. आलेल्या प्रत्येकीच्या हाताला काम होते. ज्या प्रतिष्ठेपायी आपल्या घराने मोलमजुरी टाळली, त्या प्रतिष्ठेला रमाबाईंनी केडगावात थारा दिला नाही. त्यांचा भरवसा प्रयत्नाच्या जागी आलेला नव्हता. प्रयत्नाची हद्द कोणी ठरवायची, एवढेच त्याने बदलले. आपल्याजवळ किती आहे हे पाहून नव्हे, समोरच्याला किती हवे आहे हे पाहून ती हद्द ठरू लागली.

त्यांचे अखेरचे काम बायबलच्या भाषांतराचे. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, साध्या बायकांना ते कळत नाही, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळाबरहुकूम आणि सोप्या मराठीत त्यांनी नवे भाषांतर केले. केडगावच्या स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवले. मनोरमा १९२१ साली गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. संस्कृतच्या बळावर जिने ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली, तिने अखेरची वर्षे संस्कृत शब्द वगळण्यात घालवली. आपले सर्वांत मोठे बळ बाजूला ठेवण्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आता रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१. कवी, शीघ्रकोपी, उदार आणि अस्थिर. आपल्या बुद्धीच्या बळावर एक नवा धर्म उभारावा असे स्वप्न पाहणारा हा तरुण १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालला होता. डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्यशास्त्रविनोद केला, नव्या कराराची प्रत दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी काम केले, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले, आणि मराठी चर्चला तिच्या स्वतःच्या चालीची, भजन-अभंगाच्या वळणाची गीते दिली. शरणभावाचा जो सूर वारकरी परंपरेत घडला होता, तो त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी नेला. १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तेथे जागा होती. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले.

टिळकांच्या चरित्रात देवावरचा भरवसा काव्यमय रूपाने दिसतो. उद्याची चिंता नाही, हातात आलेला पैसा समोरच्या गरजूच्या हातात, घरात अनाथ मुलांची सदैव वर्दळ. दुरून पाहणाऱ्याला हे चित्र मोहून टाकते. परंतु मराठीचे भाग्य असे की या घरातील दुसऱ्या माणसानेही लिहून ठेवले आहे.

‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवताना विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, हमखास एक प्रश्न विचारतात : “सर, देवावर भरवसा टिळकांचा, मग उपास लक्ष्मीबाईंना का?” हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही आणि टाळू नये. लक्ष्मीबाई स्वतः तो टाळीत नाहीत. नवऱ्याने न सांगता घर सोडून जाणे, घरातील वस्तू आणि पैसा वाटून टाकणे, आणि अखेरीस धर्मांतर, या सर्वांचा घाव त्यांच्यावर बसला. १८९५ नंतरची काही वर्षे मुलाला घेऊन, नातलगांच्या आधाराने, पंढरपुरासारख्या ठिकाणी त्यांनी काढली. टिळकांनी ज्याच्यावर सर्व सोडले तो देव त्यांचा होता. लक्ष्मीबाईंना मात्र टिळकांवरच सोडून दिले गेले होते, आणि टिळक जागेवर नव्हते.

आपल्या आरंभीच्या शंकेचे खरे टोक येथे आहे. देवावर हवाला ठेवणारा माणूस आळशी असतो ही शंका पौलाने आणि रमाबाईंनी निरस्त केली. पण तो दुसऱ्याच्या जिवावर भरवसा ठेवतो, ही शंका उरते. जो स्वतः निर्धास्त होतो, त्याच्या वाटणीची चिंता कोणीतरी घरात बसून करीत असते. ख्रिस्ती धर्मातच नव्हे, सर्व धर्मांतील भक्तांच्या घरांत ही चिंता करणारी स्त्री आहे. संतचरित्रांनी तिला बहुधा कर्कशा ठरवून मोकळे केले. लक्ष्मीबाईंचे थोरपण असे की त्या कर्कशा झाल्या नाहीत आणि मुक्याही राहिल्या नाहीत. त्या हसल्या. टिळकांच्या वेडेपणाचे प्रसंग त्या इतक्या खेळकरपणे सांगतात की वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की हा हिशोब चोख मांडलेला आहे. एकही रक्कम त्यातून गळलेली नाही.

आणि तरीही त्यांचा शेवट कडवटपणात झाला नाही. त्या नवऱ्यामागोमाग ख्रिस्ती झाल्या असे म्हणणे हा अन्याय होईल. टिळकांकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे बराच काळ सांभाळले. ते सुटले ते स्वतःच्या विचाराने : जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला आहे, हे एके दिवशी मनात उजाडले तेव्हा. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. टिळकांचा भरवसा आवेगाचा होता, यांचा सवयीचा. टिळकांनी आधार आपण होऊन टाकले. यांचे आधार एकामागून एक काढून घेतले गेले, आणि तेव्हा जे उरले त्यावर त्या उभ्या राहिल्या. आमेन या शब्दाचा मूळ अर्थ मला त्यांच्या बाबतीत अधिक लागू वाटतो.

याचे एक वाङ्मयीन प्रमाणही आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहावयास घेतले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरांशी अखेरपर्यंत झगडणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. त्या १९३६ साली वारल्या आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. टिळकांसारखा पंडित कवी जे अर्धवट सोडून गेला, ते आपण पुरे करू असे या बाईला कशाच्या बळावर वाटले असेल? स्वतःच्या विद्वत्तेच्या बळावर नक्कीच नव्हे, कारण ती नाही हे त्यांनी कधी लपवले नाही. आपल्या अपुरेपणाची लाज वाटेनाशी झाल्यावर जे धैर्य येते, ते हे धैर्य आहे. ख्रिस्ती परिभाषेत त्याला कृपा म्हणतील. आपण काहीही म्हणावे, पण ते ओळखावे.

आता समारोप करतो. या चार चरित्रांवरून भरवशाच्या तीन खुणा मला दिसतात. पहिली, खरा भरवसा काम थांबवीत नाही. कामाचा अहंकार थांबवतो. दुसरी, तो माणसांपुढचा हिशोब चुकवीत नाही. पौल वर्गणीसोबत साक्षीदार पाठवतो. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण, तो आपल्या निर्धास्तपणाची किंमत दुसऱ्याच्या नावावर टाकीत नाही. निदान टाकली गेली असेल तर ती पाहण्याचे टाळत नाही. टिळक या तिसऱ्या कसोटीला सर्वदा उतरले असे म्हणता येत नाही. त्यामुळे त्यांचे काव्य उणे होत नाही, परंतु ते वाचताना लक्ष्मीबाईंचे पुस्तक शेजारी उघडे ठेवले पाहिजे.

ग्रंथालयाचे एक मोठे काम हेच आहे, असे मला वाटते. एकाच घरातील दोन माणसांची दोन पुस्तके ते एकाच फळीवर सांभाळते, आणि निवाडा वाचकावर सोपवते. ‘अरुणोदय’, टिळकांची कविता, ‘स्मृतिचित्रे’, रमाबाईंचे आत्मनिवेदन ही पुस्तके धर्माचा शिक्का पाहून बाजूला ठेवण्याजोगी नाहीत. आपल्यापैकी प्रत्येक जण कशावर तरी विसंबून जगत असतो : नोकरीवर, मुलांवर, प्रकृतीवर, नावलौकिकावर. सीमाभागात राहणारे आपण लोक तर आपल्या भाषेवर आणि ती टिकेल या आशेवर विसंबून आहोत. या आधारांपैकी एखादा निखळतो तेव्हा काय उरते, हे त्या चौघांनी आपल्याआधी पाहिले आणि मराठीत लिहून ठेवले. रमाबाईंनी काही इंग्रजीत लिहिले, तरी बायबल त्यांनी मराठीलाच दिले.

कार्यकारी मंडळाला एक सूचना करून थांबतो. शताब्दीच्या खरेदीत या पुस्तकांच्या नव्या प्रती घ्याव्यात, आणि त्या ‘धर्म’ विभागात न ठेवता चरित्र व काव्य या विभागांत ठेवाव्यात. तेथे त्या अधिक हातांत पडतील.